एका गोगलगायीची साक्ष

इंग्लंडच्या नैऋत्य किनाऱ्यावरील प्लिमथ येथे १९७० साली ब्लेबर या प्राणिशास्त्रज्ञाला एक विलक्षण गोष्ट आढळली. ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या खडकांवर राहणाऱ्या 'डॉग व्हेल्क' नावाच्या लहानशा समुद्री गोगलगायीच्या काही माद्यांना, उजव्या शिंगाच्या पाठीमागे, नराच्या जननेंद्रियासारखा एक अवयव फुटलेला होता. ब्लेबर यांनी ही नोंद रीतसर प्रसिद्ध केली. तिचा अर्थ मात्र त्या वेळी कोणालाच उमगला नाही. त्या नोंदीवरून कोणाचे पोट भरणार नव्हते, की कोणत्या कारखान्याचे उत्पादन वाढणार नव्हते. शास्त्रीय नियतकालिकांतील असंख्य निरुपयोगी वाटणाऱ्या नोंदींत आणखी एकीची भर पडली, एवढेच.

या नोंदीचा अर्थ उलगडण्यास सोळा वर्षे लागली. आणि त्या अर्थाला साऱ्या जगाचा कायदा होऊन तो अमलात येण्यास एकंदर अडतीस वर्षे लागली. या अडतीस वर्षांचा हिशेब मांडणे हे केवळ प्राणिशास्त्राचे काम नव्हे. बाजारात ज्या वस्तूला किंमत नाही तिच्या नाशाची दखल समाज केव्हा आणि कशी घेतो, हा अर्थशास्त्रातील एक जुना आणि अवघड प्रश्न त्यात गुंतलेला आहे. शिवाय या कथेचा एक धागा थेट आपल्या कोकणच्या किनाऱ्यापर्यंत येऊन पोहोचतो, म्हणूनही तिच्याकडे लक्ष देणे आवश्यक आहे.

डॉग व्हेल्क ही उत्तर अटलांटिकच्या दोन्ही तीरांवर आढळणारी, साधारणतः तीन सेंटिमीटर लांबीची, जाड कवचाची गोगलगाय. गोगलगाय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पावसाळ्यातील भाजीच्या वाफ्यात हळूहळू सरकणारा निरुपद्रवी जीव येतो. 'गोगलगाय अन् पोटात पाय' ही म्हण मात्र या समुद्री भगिनीला चांगलीच लागू पडते. कारण ती पक्की शिकारी आहे. खडकाला चिकटून राहणारे शिंपले आणि बार्नॅकल हे तिचे भक्ष्य. शिंपल्यावर बसून ती कवच मऊ करणारा एक स्राव सोडते, कानशीसारख्या जिभेने त्या जागी बारीक भोक पाडते आणि आतील मांस विरघळवून शोषून घेते. एक शिंपला संपविण्यास तिला काही दिवसही लागतात. घाई तिच्या स्वभावात नाही. शिंपल्यांनी सारा खडक व्यापू नये व इतर जीवांनाही तेथे जागा उरावी, हा तिच्या या सावकाश चालणाऱ्या शिकारीचा एक परिणाम असतो.

तिच्या आयुष्यातील आणखी एक गोष्ट पुढील कथेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. पुष्कळशा सागरी जीवांची पिल्ले पाण्यावर तरंगत दूरदूर जातात. हिचे तसे नाही. मादी गव्हाच्या दाण्याएवढ्या कुप्या खडकाच्या कपारीत चिकटविते आणि त्यांतून बाहेर पडणारी इवलीशी गोगलगाय सरपटत तेथेच आयुष्य काढते. त्यामुळे एखाद्या किनाऱ्यावरून ही जात नाहीशी झाली, तर दुसरीकडून येऊन ती जागा भरून निघण्यास वर्षानुवर्षे लागतात. याच कारणामुळे ती त्या किनाऱ्याची उत्तम साक्षीदारही ठरते. जो प्राणी जागा सोडून जात नाही, त्याच्या शरीरावर त्या जागेचा इतिहास लिहिला जातो.

स्वस्त रंगाची खरी किंमत

या इतिहासाचा दुसरा नायक आहे जहाजाच्या बुडाला लावण्याचा रंग. पाण्यात राहणाऱ्या कोणत्याही बुडाला शेवाळ, बार्नॅकल, शिंपले चिकटतात. बूड खरखरीत झाले की पाण्याचा अडथळा वाढतो, वेग मंदावतो आणि इंधन अधिक जळते. ही अडचण नौकानयनाइतकीच जुनी आहे. अरबी समुद्रातील गलबतांच्या बुडाला चुना आणि चरबी यांचा लेप देत; युरोपातील आरमारांनी पुढे तांब्याचे पत्रे ठोकले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, १९६०च्या दशकात, रसायनशास्त्राने यावर एक फार प्रभावी तोडगा काढला. ट्रायब्युटिलटिन, म्हणजे संक्षेपाने टीबीटी, हे कथिलाचे एक सेंद्रिय संयुग रंगात मिसळले की बुडाला काहीही चिकटत नसे. १९७०च्या दशकात या रंगाचा असा प्रकार निघाला की त्याचा वरचा थर पाण्याने आपोआप झिजत जाई आणि विषाचा ताजा थर सतत वर येत राही. जहाज पाच वर्षांपर्यंत सुक्या गोदीत आणण्याची गरज उरली नाही.

या रंगाची बाजू लंगडी नव्हती, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. इंधनाची बचत ही खरी बचत होती. गोदीचा खर्च वाचला, फेऱ्या वाढल्या, मालवाहतुकीचे दर उतरण्यास मदत झाली. धान्य, खनिज तेल, खते यांपैकी जे काही समुद्रमार्गे येते, त्याच्या ग्राहकाला या बचतीचा अंश मिळालाच असेल. जहाजमालकाच्या जमाखर्चात पाहिले तर रंगाचा हा सौदा निर्विवाद फायद्याचा होता.

परंतु जमाखर्चाची वही कोणाची, यावर फायदा अवलंबून असतो. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० साली प्रसिद्ध झालेल्या कल्याणाच्या अर्थशास्त्रावरील आपल्या ग्रंथात खाजगी खर्च आणि सामाजिक खर्च यांतील भेद सविस्तर विशद केला. कारखानदार कोळशाची किंमत मोजतो. त्या कोळशाच्या धुराने शेजाऱ्यांचे कपडे काळे होतात, त्याची किंमत तो मोजत नाही. ती कोणीतरी मोजतोच. फक्त ती वहीत दिसत नाही. बुडाच्या रंगातून झिजून पाण्यात उतरणारे विष हा अशाच, वहीत न दिसणाऱ्या खर्चाचा नमुना होता. जहाज पुढे निघून जाई. खर्च खाडीत मागे राही.

कालवांना वाली मिळाला

हा खर्च प्रथम उघडकीस आला तो फ्रान्समध्ये आणि तोही कालवांच्या निमित्ताने. अटलांटिक किनाऱ्यावरील आर्काशाँच्या उपसागरात कालवांची मोठी शेती चालते. तेथेच विहारनौकांचीही दाटी असते. १९७७ पासून तेथे कालवांची नवी पिल्ले धरेनाशी झाली. मोठ्या कालवांची कवचे विकृत रीतीने जाड होऊ लागली; आतील मांस मात्र नाममात्र राहिले. असा माल कोण विकत घेणार? एरवी वर्षाला १०,००० ते १५,००० टनांच्या घरात जाणारे उत्पादन १९८१ पर्यंत ३,००० टनांवर घसरले. संशोधकांनी नौकांच्या रंगाकडे बोट दाखविले आणि फ्रेंच शासनाने जानेवारी १९८२ मध्ये २५ मीटरपेक्षा लहान नौकांवर हा रंग लावण्यास बंदी घातली. बंदीनंतर कालवांची पिल्ले पुन्हा धरू लागली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. फ्रान्समध्ये कायदा झटपट झाला, कारण कालवांना बाजारभाव होता, ती पिकविणारे शेतकरी होते, त्यांचे नुकसान टनांत आणि फ्रँकांत मोजता येत होते. ज्याच्या नुकसानीला आकडा असतो त्याला वाली मिळतो. डॉग व्हेल्कचे तसे नव्हते. एकेकाळी तिच्या शरीरातील स्रावापासून जांभळा रंग काढीत. त्यामुळे आयर्लंडच्या किनाऱ्यावर तिच्या फोडलेल्या कवचांचे जुने ढीग सापडतात. आता तो धंदा इतिहासजमा झाला आहे. तिला कोणी खात नाही, विकत नाही, पाळत नाही. उलट शिंपल्यांची शेती करणारे तिला उपद्रवी समजतात. अशा जीवाच्या वतीने फिर्याद कोण करणार?

ती फिर्याद केली प्लिमथच्या सागरी जीवशास्त्र संस्थेतील संशोधकांनी. त्याआधी अमेरिकेत स्मिथ यांनी कनेक्टिकटच्या किनाऱ्यावर दुसऱ्या एका गोगलगायीत हाच विकार पाहिला होता. विहारनौकांच्या धक्क्याजवळ तो अधिक असतो, हे ताडले होते आणि १९८१ मध्ये बुडाच्या रंगाशी त्याचा संबंध जोडला होता. ब्रायन, गिब्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली नैऋत्य इंग्लंडमधील डॉग व्हेल्कच्या ऱ्हासाचे कारण टीबीटी हेच असल्याचा पुरावा मांडला. जेथे नौकांची गर्दी तेथे विकार तीव्र. स्वच्छ किनाऱ्यावरील गोगलगायी अशा गर्दीच्या खाडीत नेऊन ठेवल्या की त्यांनाही तोच विकार जडे.

विकाराचे स्वरूप भयंकर होते. मादीच्या शरीरात नराचे अवयव वाढू लागत आणि त्या वाढीत अंडी बाहेर पडण्याचा मार्गच बंद होई. कुप्या आत साचत आणि अखेर मादी मरे. ती वाचली तरी वांझ राही. पिल्ले दुरून येत नसल्याने एका पिढीत तो खडक ओस पडे. हे घडण्यास विष किती लागावे? एक लिटर पाण्यात एक ग्रॅमचा अब्जावा भाग, किंवा त्याहूनही कमी, एवढे विकार सुरू होण्यास पुरेसे होते. शंभर मीटर लांब, शंभर मीटर रुंद आणि शंभर मीटर खोल अशा हौदात एक ग्रॅम द्रव्य मिसळले तर हे प्रमाण येते. इतकी सूक्ष्म मात्रा मोजणे त्या काळच्या पुष्कळशा प्रयोगशाळांना जड जात होते. गोगलगाय ती अचूक मोजीत होती.

अडतीस वर्षांचा हिशेब

पुरावा हाती आल्यावर कायदे झाले; परंतु ते हप्त्याहप्त्याने. ब्रिटनने १९८७ मध्ये लहान नौकांसाठी या रंगाची विक्री बंद केली. अमेरिकेने १९८८ मध्ये निर्बंध घातले. मोठी जहाजे मात्र वगळली गेली. विहारनौका खाडीत नांगरून पडतात, मोठी जहाजे भर समुद्रात असतात, असे त्याचे समर्थन करण्यात येई. त्यात तथ्य होते. पण मोठी जहाजेही अखेर बंदरात येतात, आणि बंदराजवळच्या खडकांवर विकार कायम राहिला. छंदाच्या नौकेवर बंधन घालणे सोपे आणि व्यापाराच्या जहाजावर घालणे कठीण, हे या वगळण्यामागील खरे अर्थकारण होते. जहाज आज एका देशाच्या ध्वजाखाली तर उद्या दुसऱ्या देशाच्या ध्वजाखाली चालू शकते. तेव्हा एकट्या देशाने कायदा करून भागणार नव्हते. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ च्या ऑक्टोबरमध्ये करार मंजूर केला. पुरेशा राष्ट्रांची मान्यता मिळून तो अमलात येण्यास १७ सप्टेंबर २००८ हा दिवस उजाडावा लागला.

या विलंबाच्या समर्थनार्थ दोन युक्तिवाद नेहमी पुढे येतात. पहिला असा की, बंदीने व्यापाराचे कंबरडे मोडेल. प्रत्यक्षात काय झाले? तांब्याचे सुधारित रंग आले, बुडाला काही चिकटूच नये असे गुळगुळीत सिलिकोनचे लेप आले. जहाजे चालू राहिली. स्वस्त विष सहज मिळत असेतोवर पर्यायाच्या शोधात पैसा घालण्याचे कारण कोणालाच नसते. कायदा ते कारण पुरवितो.

दुसरा युक्तिवाद असा की, निसर्ग आपली व्यवस्था आपण करतो. त्यालाही एक आधार सांगता येईल. इंग्लंडमधील केंट परगण्यात डम्प्टन गॅप येथे काही डॉग व्हेल्कमध्ये एक आनुवंशिक दोष आढळला. त्या दोषामुळे नराचा अवयवच नीट वाढत नाही. म्हणून विषाच्या संपर्कातही तेथील काही माद्यांचा मार्ग मोकळा राहिला आणि त्या प्रसवत राहिल्या. एका व्यंगाने त्या जमातीला तारले. परंतु ज्या किनाऱ्यांवर असे व्यंग नव्हते तेथे डॉग व्हेल्क मेल्या, आणि जेथे ते होते तेथील नरांपैकी कित्येकांना त्याच व्यंगाने निकामी केले. याला व्यवस्था म्हणायचे असेल, तर दुष्काळात उपासमार सोसून जगलेल्या माणसाकडे बोट दाखवून दुष्काळ निवारला असेही म्हणता येईल.

या कथेचा शेवट मात्र निराशेचा नाही. बंदीनंतर ब्रिटनच्या अनेक किनाऱ्यांवर या गोगलगायी परत आल्या. शेटलंड बेटांवरील सलम व्हो येथील तेलबंदराभोवती १९८७ पासून चाललेल्या पाहणीतही विकार ओसरत गेल्याचे दिसले. कायदा उशिरा आला, पण आल्यावर त्याने काम केले. सरकारी नियमांनी काहीच साधत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण अवश्य तपासून पाहावे.

कोकणचे नाव असलेली गोगलगाय

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. डॉग व्हेल्क आपल्याकडे नाही. पण तिच्याच कुळातील एक लहानशी मांसाहारी गोगलगाय आहे. शास्त्रज्ञांनी तिला दिलेल्या लॅटिन नावात आपल्या भूमीचे नाव आहे: क्रोनिया कोंकणेन्सिस. गोव्यातील दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी मुरगाव बंदराच्या परिसरातील या गोगलगायींत तोच विकार आढळल्याची नोंद १९९९ साली प्रसिद्ध केली. प्लिमथच्या खडकावर ब्लेबर यांनी जे पाहिले होते, तेच एकोणतीस वर्षांनी आपल्या दारात दिसले. फरक एवढाच की, ब्लेबर यांना कारण ठाऊक नव्हते. १९९९ मध्ये ते साऱ्या जगाला ठाऊक होते.

आपल्या संसदेने व्यापारी नौवहनाच्या १९५८ च्या कायद्यात दुरुस्ती करून या कराराच्या तरतुदी आणल्या त्या २०१४ साली. म्हणजे आपल्याच संस्थेने आपल्याच किनाऱ्यावर दुखणे दाखविल्यानंतर पंधरा वर्षांनी. मध्यंतरी कोणाचे टनांत मोजता येईल असे नुकसान डोळ्यांपुढे आले नाही. म्हणून कोणी मोर्चा काढला नाही, की कोणी प्रश्न धसास लावला नाही. आर्काशाँच्या कालवांना जो वाली लाभला, तो कोकणेन्सिसला लाभला नाही.

कायदा झाला म्हणजे प्रश्न मिटला, असेही समजण्याचे कारण नाही. या करारानुसार ४०० टन वा अधिक नोंदणीच्या, आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या जहाजांची तपासणी होऊन त्यांना प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्याहून लहान, पण २४ मीटर वा अधिक लांबीच्या जहाजांसाठी मालकाचे घोषणापत्र पुरते. त्याखालच्या नौकांना कागद लागत नाही. आपल्या किनाऱ्यावर नांगरलेल्या बहुसंख्य मासेमारी नौका याच वर्गातील. शिवाय हे विष बंदराच्या तळाच्या गाळात दीर्घकाळ टिकून राहते. गाळ उपसला की ते पुन्हा पाण्यात येऊ शकते. आणि एक विष गेले तरी दुसरे येते. टीबीटीनंतर वापरात आलेल्या रंगांतील सायब्युट्रिन या द्रव्यावरही आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेला २०२१ मध्ये निर्बंध संमत करावे लागले आणि ते १ जानेवारी २०२३ पासून लागू झाले. विष प्रथम बाजारात आणायचे, मग खडक ओस पडण्याची वाट पाहायची आणि नंतर बंदीची चर्चा सुरू करायची, ही पद्धत जोवर बदलत नाही तोवर ही कथा नव्या नावांनी पुन्हा घडत राहील. नवे द्रव्य पाण्यात सोडणाऱ्यानेच ते निरुपद्रवी असल्याचे आधी दाखवावे, हा दंडक घालून देणे हाच यावरचा न्याय्य उपाय आहे.

तोवर निदान पाहणारे डोळे तरी हवेत. ब्लेबर यांची १९७० मधील नोंद नसती, तर १९८६ च्या संशोधकांना मागचा दाखला मिळाला नसता. 'याचा उपयोग काय?' हा प्रश्न संशोधनाला विचारणाऱ्या अर्थखात्याने ही गोष्ट विसरू नये. ज्या नोंदीला त्या दिवशी काडीची किंमत नव्हती, ती पुढे जगाच्या व्यापाराचा नियम बदलण्यास कारण झाली.

अशा नोंदी ठेवण्यास फार पैसा लागत नाही. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत आणि पुढे गोव्यात किनाऱ्यालगत महाविद्यालये आहेत, त्यांत प्राणिशास्त्राचे विभाग आहेत. बंदराजवळचा एक खडक आणि बंदरापासून दूरचा एक खडक निवडून, दरवर्षी त्याच महिन्यात, ओहोटीच्या वेळी तेथील गोगलगायी मोजणे आणि थोड्या तपासणे, हे पदवीच्या विद्यार्थ्यांना त्यांच्या शिक्षकांच्या देखरेखीखाली सहज करता येईल. विद्यापीठांनी त्याला प्रात्यक्षिकाचा दर्जा द्यावा आणि या नोंदी समुद्रविज्ञान संस्थेकडे जमा होण्याची व्यवस्था करावी. दहा वर्षांत आपल्या किनाऱ्याचा असा एक हिशेब तयार होईल, जो कोणत्याही अंदाजपत्रकात सापडत नाही. लहान नौकांच्या बाबतीत कायद्याचा कागद जेथे पोहोचत नाही, तेथे हाच हिशेब पुरावा म्हणून उभा राहू शकेल.